दूध तोड म्हणतात

लेक चौदा महिन्यांची आहे, अजून अंगावर पिते. मला दुसरं मूल हवंय, पण पाळी सुरू झालेली नाही. कळमेश्वरात कुणाशीही बोला, उत्तर ठरलेलं : "दूध तोड, मग राहील."

त्यात तथ्य आहे. बाळ पितं तेव्हा प्रोलॅक्टिन वाढतं आणि बीज तयार करायला सांगणारा मेंदूचा निरोप मंदावतो. १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओत तज्ज्ञांनी अटी मांडल्या : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, जवळजवळ फक्त अंगावरचं दूध, पाळी नाही. तिन्ही पाळल्या तर ९८ टक्के संरक्षण. कोडच्या भाषेत, मध्ये 'आणि' आहे, 'किंवा' नाही. माझ्या दोन अटी केव्हाच तुटल्यात. म्हणजे दूध न तोडताही दिवस राहू शकतात, पाळी येण्याआधीसुद्धा. फक्त तारीख कुणी सांगत नाही.

घाई बाबांमुळे आहे. त्यांचं डायलिसिस सुरू आहे. दुसरं नातवंड त्यांच्या मांडीवर ठेवायचंय.

आमच्याकडे संत्र्याचं पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग बहार धरतो. पण आंबिया आणि मृग, दोन्ही बहार सहसा एकाच झाडावर घेत नाहीत, झाड थकतं. जागतिक आरोग्य संघटनाही बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेआधी किमान २४ महिने थांबायला सांगते.

बाबांना हे सांगितलं. म्हणाले, "माह्यासाठी पोरीचं दूध नोको तोडू."

दहा महिने थांबायचं ठरवलंय. बाबांच्या दहा महिन्यांचा हिशेब मात्र मी मांडत नाही.