मदिन्यातली थंडी

उमऱ्याची बॅग भरताना आपल्याकडे स्वेटर बहुधा कपाटातच राहतो. "अरबस्तानात कसली आलीय थंडी?" असे टूरवालेही बेधडक सांगतात. उन्हाळ्यात मदिन्याचा पारा ४५ अंशांवर जातो, हे खरेच आहे. पण डिसेंबर-जानेवारीतले मदिना शरीफ ज्यांनी पाहिले, ते असे म्हणणार नाहीत.

मदिना समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या नाशिकइतके. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. एरवी जानेवारीत पहाटे १२ अंशांच्या आसपास तापमान असते. मात्र भूमध्य समुद्राकडून थंड हवेचा पट्टा आला की चित्र काही तासांत पालटते. आधी ढग, धूळ, कधी विजांसह पाऊस आणि मग उत्तरेचा बोचरा वारा. उत्तरेकडे तबूकजवळच्या जबल अल-लौझवर तर बर्फही पडतो. भूमध्य समुद्राकडून निघालेली हीच वादळे इराक-इराणवरून पुढे काश्मीरला पोहोचतात. तिथे बर्फ पडतो, त्यामागून कोरडे वारे खाली उतरतात आणि निफाडचे शेतकरी द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतात. नाशिक जिल्ह्यातल्या आम्हाला ही गोष्ट फार जवळची वाटली.

आम्ही गेलो तेव्हा असरच्या नमाजला मस्जिदे नबवीच्या अंगणात साध्या कुर्त्यावर बसलो होतो. मगरिबच्या आधी वारा सुटला आणि इशाला दात वाजू लागले. उन्हाळ्यात तळव्यांना सुख देणारी तिथली पांढरी फरशी पहाटे बर्फाच्या लादीसारखी लागते. आमच्या गटात चिपळूणच्या एक खाला होत्या. दमट हवेत सारी हयात गेलेली. सोबत फक्त सुती कपडे. दुसऱ्या दिवशी ताप, मग खोकला. आठ दिवसांच्या मुक्कामातले तीन दिवस त्यांनी हॉटेलच्या खोलीत काढले. पंधरा वर्षे पै पै जमवून आलेली बाई खिडकीतून अजान ऐकत रडत होती. पाचशे रुपयांच्या शालीने हे टळले असते, असे आम्हाला राहून राहून वाटले.

खरे तर मदिन्याची थंडी आपल्याला सीरतमधून ठाऊक असायला हवी. हिजरी ५ मध्ये हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्याने शहराच्या उत्तरेला खंदक खणला गेला, तेव्हा सहाबा गारठलेल्या सकाळी उपाशीपोटी माती उपसत होते. शेवटी शत्रूचे तंबू उखडणारा आणि त्यांच्या चुली विझवणारा तो वारा आला. त्याचा उल्लेख सूरह अहजाबमध्ये आहे. त्याच रात्री हुजूर (स.) यांनी हजरत हुजैफा (रजि.) यांना शत्रूच्या छावणीची खबर आणायला पाठवले. थंडी अशी की कोणी उठायला धजत नव्हते. जबल सिलाच्या पायथ्याशी, मस्जिदे फत्हजवळ, मफलर गुंडाळून आम्ही उभे राहिलो, तेव्हा हा प्रसंग वर्गात शिकवताना कधी वाटला नव्हता इतका खरा वाटला.

जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. चामड्याचे मोजे घ्या. वुजू करून घातले की मुकीम माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह करता येतो. साध्या पातळ मोज्यांवर तो चालत नाही, हे हनफी आणि शाफई दोन्ही उलेमा सांगतात. जमजमच्या पिंपांत गार न केलेले पाणीही ठेवलेले असते. म्हाताऱ्यांना तेच द्या.

खरी कसोटी मदिन्याहून निघताना लागते. बीरे अलीला एहराम बांधायचा, तोही कित्येकदा रात्री. स्त्रियांना स्वेटर, मोजे सगळे चालते; पुरुषांच्या अंगावर दोनच चादरी, डोके उघडे. मात्र न शिवलेली शाल किंवा ब्लँकेट खांद्यावरून घेता येते. हे माहीत नसल्याने आमच्या बसमधले दोन चाचा काकडत बसले होते. बसमधल्या मौलानांनी समजावल्यावर त्यांनी आमची जादा घोंगडी अंगावर घेतली, एकाने अर्धी, दुसऱ्याने अर्धी. मक्का साडेचारशे किलोमीटर दूर आणि बरेच सखल. पहाटे शहराचे दिवे दिसू लागले तेव्हा घोंगडी बाजूला पडली होती आणि ड्रायव्हरने एसी लावला होता.