एक थर जास्त

थंडी या विषयावर पुणेकराला कुणी काही शिकवायला जाऊ नये, असं माझं परवापरवापर्यंत प्रामाणिक मत होतं. दिवाळी उलटली, की आमच्या घरात थंडीविरुद्ध युद्धच पुकारलं जातं. डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट कानटोप्या ट्रंकेतून बाहेर येतात, सुंठ कुटली जाते, दुधात हळद पडते आणि रात्री तळपायांना तेल चोळलं जातं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी पेपरात आली, की मी पुण्यातलं सकाळचं फिरणं रद्द करतो. सव्वाशे किलोमीटरवरची थंडी इतक्या तत्परतेने अंगाला लावून घेणारा माणूस दुसरा नसेल.

अनुभवाची ही शिदोरी घेऊन आम्ही उभयता २०१९च्या जानेवारीत मुलीकडे मिनियापोलिसला पोचलो. जावईबापूंना कामासाठी तीन महिने दुसऱ्या गावी राहायचं होतं आणि अर्णव (वय सहा) व सई (वय चार) यांना सांभाळायला घरात माणूस हवं होतं. "थंडी असते हं बाबा," असं मीनाने फोनवर सांगितलं होतं. मी फक्त हसलो होतो.

३० जानेवारीच्या सकाळी तिथे उणे २८ होतं.

"सेल्सिअस?" मी विचारलं.

"फॅरनहाइट," मीना म्हणाली.

सेल्सिअसमध्ये ते उणे ३३ भरलं. उणे ४०ला ही दोन्ही मापं एक होतात, असं शाळेत शिकलो होतो. तेव्हा तो मला निव्वळ गणिताचा खोडसाळपणा वाटला होता. ती जागा आपल्या मुलीच्या दारापासून जेमतेम सात अंशांवर आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं! शाळांना सुट्टी मिळाली. अशा हवेत उघडी कातडी काही मिनिटांतच गोठू लागते, असं मीनाने सांगितल्यावर मी घरातसुद्धा कानटोपी घालून बसलो.

मग फेब्रुवारी आला आणि बर्फ पडू लागला. एका महिन्यात ३९ इंच! तिथल्या फेब्रुवारीचा तो विक्रम ठरला. आमच्या पायगुणाचा उल्लेख घरात कुणी केला नाही, हा त्यांचा चांगुलपणा. थंडी मात्र जरा माणसात आली होती. मुलं म्हणाली, "आजोबा, खेळायला चल!"

आता तुम्ही म्हणाल, चल म्हटलं की चपला घालून निघायचं, त्यात काय? तिथे तसं नसतं. गौरी सजवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडा अधिक वेळ एका मुलाला लागतो, आणि गौरी निदान हलत तरी नाहीत. आधी अंगालगतचा पातळ थर. तो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा. सुती मुळीच नाही. सुती कापड घाम आणि पाणी धरून ठेवतं आणि ओलं झालं की अंगातली ऊब काढून घेतं. हे ऐकून जन्मभर सुती गंजीफ्रॉकवर श्रद्धा ठेवलेला मी अंतर्मुख झालो. त्यावर दुसरा थर उबेचा, लोकरीचा. तिसरा वारा आणि पाणी अडवणारा. मग बूट, टोपी आणि मिटन्स. मिटन म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एका खोलीत. बोटं अशी एकत्र कुटुंबात राहिली, की एकमेकांना ऊब देतात. पाच बोटांना पाच खोल्या दिल्या, की प्रत्येक जण आपापला गारठतो. मी हे सौभाग्यवतींना मुद्दाम ऐकवलं. तिने मीनाकडे पाहून, "पण स्वयंपाक कुणाला करावा लागतो?" एवढंच विचारलं.

लहान मुलाला मोठ्या माणसापेक्षा एक थर जास्त घालावा, असा तिथल्या डॉक्टरांचा सल्ला असतो. लहान शरीर लवकर गार पडतं. प्रश्न असा, की मी स्वतः पाच थर घातले होते. त्या हिशेबाने सईला सहा झाले असते आणि ती उभी न राहता नुसती गडगडली असती. शेवटी मला तीनवर आणण्यात आलं. हा सगळा सोहळा अर्ध्या तासाने पूर्ण झाला, सईच्या हनुवटीपर्यंतची शेवटची चेन वर गेली आणि सई म्हणाली, "आजी, शू."

खरा पेच पडला तो मफलरचा. सौभाग्यवतींनी नातवासाठी तीन महिने खपून लाल लोकरीचा एक लांबलचक मफलर विणला होता. तो अर्णवच्या गळ्याभोवती तीन वेढे घेऊनही दोन्हीकडे उरत होता. मीनाने तो अलगद काढला.

"आई, मफलर नको गं. घसरगाडीत किंवा झोपाळ्यात टोक अडकलं, तर गळ्याला फास बसतो. मुलं ही गळपट्टी घालतात." तिने एक लोकरी नळी डोक्यावरून त्याच्या गळ्यात उतरवली.

"अगंबाई, तुला लहानपणी मीच मफलर बांधत होते," सौभाग्यवती म्हणाल्या. त्या पुढे दोन दिवस फक्त आवश्यक तेवढंच बोलल्या.

मोटारीतही तीच तऱ्हा. मुलाला पट्ट्यात बसवायच्या आधी त्याचा फुगीर कोट काढायचा. अपघातात कोट दबतो, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यातून निसटू शकतं. म्हणून आधी पट्टा आवळायचा आणि मग कोट वरून पांघरायचा. टेकडीवर गेलो, की घसरताना बसून, पाय पुढे. डोकं पुढे करून पालथं झोपायचं नाही. खाली झाड किंवा रस्ता असेल तिथे घसरायचंच नाही. रस्त्याकडेच्या ढिगात भुयार खणायचं नाही, कारण एक तर ते कोसळतं आणि दुसरं म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या चालकाला आतलं मूल दिसत नाही. एवढे नियम मी नोकरीतही पाळले नव्हते.

आणि एके दिवशी मीना कामावर, सौभाग्यवती सईला घेऊन घरात, आणि घरामागच्या अंगणात अर्णवचा सर्वाधिकारी मी!

अर्णव किल्ला बांधत होता. बर्फाचा असला, तरी किल्ला म्हटल्यावर माझं रक्त सळसळलं. मी बुरूज सुचवला, मग माची सुचवली. मला स्वतःला थंडी वाजत होती. पण सहा वर्षांचा पोरगा खेळतोय आणि पुण्याचा आजोबा आत पळतोय, हे मनाला पटेना. थोड्या वेळाने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचे मिटन्स बाजूला पडलेले. ओले झाले म्हणून त्याने काढून टाकले होते आणि उघड्या हातांनी तो माची थापत होता.

"हात बघू," मी म्हणालो.

बोटांची टोकं पांढरी पडली होती. मेणबत्तीसारखी.

"दुखतंय का रे?"

"नाही. काहीच वाटत नाही."

त्या "काहीच वाटत नाही"ने माझ्या पोटात जो गोळा आला, तो उणे ३३लाही आला नव्हता. आमच्याकडे गारठलेल्या हातापायांवर एकच उपाय, चोळणे. मी त्याचे हात धरले आणि चोळणार, एवढ्यात तो ओरडला, "आजोबा, चोळायचं नाही! टीचरने सांगितलंय, स्किन तुटते."

मी माझा कोट उघडला, स्वेटर वर केला आणि त्याचे दोन्ही हात माझ्या काखेत घातले. बर्फाचे दोन खडे छातीशी धरावेत तसं झालं. तसाच त्याला उचलून आत आणला. मी त्याला हीटरजवळ नेऊ लागलो, तर तेही नाही! बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. सौभाग्यवतींनी एका शब्दाने काही न विचारता पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि तान्ह्या मीनाच्या अंघोळीचं पाणी पाहायच्या तसा त्यात आपला कोपर बुडवून पाहिला. मग त्याची बोटं आत घातली.

थोड्या वेळाने रंग परत येऊ लागला आणि त्याबरोबर अर्णव रडू लागला. मुंग्या येत होत्या, आग होत होती. नातवाचं रडणं ऐकून मला इतकं बरं पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंस रे?" मी विचारलं.

"सांगितलं असतं, तर आत यावं लागलं असतं ना!"

संध्याकाळी मी मीनाला सगळं सांगितलं. आपल्याच मुलीसमोर असं उभं राहायची माझी पहिलीच वेळ. तिने अर्णवची बोटं एकेक करून पाहिली. ती गुलाबी होती, फोड नव्हता. मग ती म्हणाली, "बाबा, खेळणारं मूल थंडी वाजतेय असं कधीच सांगत नाही. आपणच घड्याळ लावून आत बोलवायचं. हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं. असंच." ते "असंच" कसं, हे मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी खिशात सुक्या मिटन्सची एक जोडी आणि हातात घड्याळ ठेवू लागलो. दर वीस मिनिटांनी आत, गरम दूध, हात दाखव. "आजोबा, तू स्ट्रिक्ट आहेस," असं प्रशस्तिपत्रकही मिळालं.

एप्रिलमध्ये आम्ही पुण्याला परतलो, ते थेट उन्हाळ्यात. लाल मफलर मात्र तिथेच राहिला होता. पुढच्या डिसेंबरात मीनाने एक फोटो पाठवला. चांगला चिकट बर्फ पडला होता आणि मुलांनी अंगणात बर्फाचा भलामोठा माणूस उभा केला होता. नाकाच्या जागी गाजर आणि गळ्यात तीन वेढे घेतलेला तो लाल मफलर! हा गृहस्थ घसरगाडीत बसणार नव्हता, तेव्हा मीनाचीही हरकत नव्हती.

मी फोटो सौभाग्यवतींपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, "शेवटी कुणाच्या तरी गळ्यात पडला."

आणि मला कानटोपी आणून दिली. वेण्णा तलावाची बातमी त्याच सकाळी आली होती.