लोणारचे हिरवे पाणी

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर सोडून लोणारकडे निघाले म्हणजे वाट सपाट काळ्या रानातून जाते. दोहों बाजूंस कापूस आणि तूर. पुढे काही अद्भुत असेल अशी शंकाही प्रवाशास येत नाही. गाव ओलांडून कडेवर उभे राहावे, तो पायांखालील भूमी एकाएकी संपते आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची एक प्रचंड परात खाली पसरलेली दिसते. उतारांवर दाट झाडी, झाडीत जुनी देवळे आणि तळाशी सरोवर.

येथे लवणासुर नावाचा दैत्य राहत असे, विष्णूने त्यास मारिले, म्हणून गावातील सुंदर मंदिर दैत्यसूदनाचे, अशी कथा लोक सांगतात. ‘लवण’ म्हणजे मीठ. आणि सरोवराचे पाणी खरोखरच खारट, शिवाय इतके क्षारयुक्त की बोटांस साबणासारखे बुळबुळीत लागते. तेव्हा गावाचे नाव कथेतून आले की पाण्यातून, याचा निर्णय व्याकरणाने होण्यासारखा नाही. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पुष्कळ वर्षे हे ज्वालामुखीचे मुख मानले जाई. हे उल्कापाताचे विवर होय, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, आघाताने काच बनलेल्या खनिजांच्या पुराव्यावरून दाखवून दिले.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही येथे गेलो तो केवळ हौसेखातर नव्हे. आमच्या थोरल्या वहिनींचे माहेर लोणारचे. वय ७८, गुडघे थकलेले, एका डोळ्याची दृष्टी गेलेली आणि दुसऱ्याची उतरत चाललेली. आम्ही निघताना त्या एवढेच म्हणाल्या, “भावोजी, कमळजादेवीचे देऊळ आणि ते हिरवे पाणी एका चित्रात आणा. पुढच्या वर्षी मला दिसेलच असे नाही.” आमच्यासमवेत आमची सौभाग्यवती आणि छायाचित्रणाचा नाद असलेला नातू होता.

कडेवरील धारेला गोमुखातून अखंड पाणी पडते. तेथे हातपाय धुऊन आम्ही पायवाटेने उतरू लागलो. वानरांच्या टोळ्या फांद्या हलवीत आमच्याबरोबर चालल्या होत्या. कमळजादेवीच्या देवळाशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. आणि पाहतो तो पाणी कल्हई केलेल्या ताटासारखे पांढरे चकाकत होते. हिरवेपणाचा मागमूसही नाही!

कारण साधे आहे. हिरवा रंग पाण्यातील सूक्ष्म शैवालाचा. परंतु पृष्ठभागावरून परतणारी झळाळी त्यास झाकून टाकते. असा तिरकस परतलेला प्रकाश बव्हंशी एकाच दिशेने कंप पावत असतो. पोलरायझर नावाचा फिल्टर भिंगापुढे लावून योग्य कोनात फिरविला म्हणजे तेवढा प्रकाश अडतो आणि पाण्याचा स्वतःचा रंग पुढे येतो. नातवाने कॅमेऱ्यातून दाखविले, तेव्हा वहिनींचे हिरवे पाणी आम्हांस प्रथम दिसले.

परंतु चित्राचे चारही कोपरे काळे. देऊळ, पाणी आणि पलीकडची कड एका चौकटीत यावी म्हणून रुंद दृष्टीचे भिंग लावलेले; त्यावर काचेच्या रक्षणार्थ नित्याचा यूव्ही फिल्टर, आणि त्यावर हा पोलरायझर. दोन कड्यांची जाडी पुढे येऊन कोपऱ्यांत डोकावत होती. यूव्ही काढून एकटा पोलरायझर लावावा, तो दोन्ही फिल्टर एकमेकांस मिठी मारून एकदमच निघून हातात आले.

नातवाने दोन बोटांच्या चिमटीत धरून सारा जोर लावला. जितका जोर, तितकी मिठी घट्ट. ही कडी ॲल्युमिनियमची आणि फार पातळ असतात. दोन बिंदूंवर दाबली की वर्तुळ किंचित लांबट होते आणि आटे एकमेकांत रुततात. पितळी कड्यांत हा उपद्रव त्या मानाने कमी. तेथील एका प्रवाशाने खोबरेल तेल सुचविले, दुसऱ्याने काडीपेटी पुढे केली. नातवाने दोन्ही नाकारले ते योग्यच. तेल काचेवर पसरते, आणि पोलरायझरमध्ये दोन काचांच्या पोटात चिकटविलेला पातळ पापुद्रा असतो, त्यास आच सोसत नाही. इकडे कडेची सावली देवळाकडे सरकू लागली. विवरात संध्याकाळ लवकर होते.

तेव्हा आमची सौभाग्यवती म्हणाली, “अरे, फिरकीच्या तांब्याला कधी असे चिमटतात का? आण इकडे.” दशम्यांच्या पुड्यांना लावलेली दोन रुंद रबरे तिने काढून घेतली. नातू म्हणाला, “आजी, पुढची कडी धरू नकोस, ती नुसतीच फिरते. तिच्या मागची धर.” ही खूण महत्त्वाची, पोलरायझरची पुढली कडी फिरण्यासाठीच असते, तिला पिळून काहीच सुटत नाही. तिने मागल्या कडीवर एक आणि यूव्हीच्या कडीवर एक अशी रबरे ताणून बसविली, दोन्ही हातांची पाचही बोटे भोवताली सारख्या अंतराने ठेविली आणि न दाबता, केवळ पकड राखून, विरुद्ध दिशांस वळविले. दोनदा काही झाले नाही. तिसऱ्या वेळी बारीकसा ‘कट्’ आवाज झाला आणि फिल्टर सुटले.

पायरीवर ऊन होते तोवर चित्र निघाले. घरी वहिनींनी ते चांगल्या डोळ्याशी धरून पुष्कळ वेळ पाहिले, आणि देवळाच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “नवरात्रात आम्ही मुली येथे बसत असू.” पुढे २०२० च्या जूनमध्ये क्षारप्रिय सूक्ष्म जीवांमुळे सरोवर गुलाबी झाले आणि त्याच वर्षी त्यास रामसर पाणथळीचा मान मिळाला. वर्तमानपत्रातील गुलाबी चित्र वहिनींस दिसले नाही. आम्ही वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, “राहू द्या. माझे हिरवेच बरे.”

ज्यांच्या घरी छायाचित्रणाचा नाद आहे, त्यांनी पिशवीत दोन रुंद रबरे अवश्य ठेवावी. फिल्टर टेकला की थांबावे, शेवटचा पीळ देऊ नये. आट्यांतील धूळ कोरड्या कुंचल्याने झाडावी. आणि कडीला पोचा आला असेल तर बळ न करता दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी. लोणारास जाणाऱ्यांनी मात्र सकाळीच उतरावे. खाली गेल्यावर वेळ थोडा असतो.