हाक कुणी मारावी?

संगणकाच्या पडद्याच्या एका कोपऱ्यातून एक लहानसा चौकोन वर येतो. पाच-सात सेकंद थांबतो. कुणी पाहिले तर ठीक, नाही तर आल्या पावली निघून जातो. याला नोटिफिकेशन म्हणतात. मराठीत त्याला 'सूचना' हा शब्द रूढ झाला आहे. पण सूचना म्हटले की मला आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यातला फलक आठवतो, आणि फलक तर बिचारा मुकाट लटकत असतो. या चौकोनाचे खरे नाते दवंडीशी आहे. तोही आपण मागितलेला नसताना येतो, हातातले काम थांबवतो आणि सांगायचे ते सांगून मोकळा होतो.

दवंडी मी स्वतः ऐकलेली नाही, आजीकडून ऐकली. हलगी वाजली की माणसे दारात येऊन उभी राहत. पण आजीच्या सांगण्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हलगी वाजवणाऱ्याला मनात आले म्हणून गावभर ओरडता येत नसे. मागे पाटलाचा, पुढच्या काळात ग्रामपंचायतीचा, हुकूम असावा लागे. म्हणून हलगी वाजली की काहीतरी खरे आहे, एवढा भरवसा ऐकणाऱ्याला होता.

संगणकावर हा हुकूम कुणाचा? गेले वर्षभर मी या प्रश्नाच्या मागे लागले आहे. कला शाखेच्या मुलीने हे कुठले खूळ घेतले, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण असे की कॉलेज सुटल्यावर मी किल्लारीत एका दुकानात ऑनलाइन अर्ज भरण्याचे काम करते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती असले सगळे अर्ज. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. माझी फी या दुकानातून निघते.

दुकानात एक विंडोजचे यंत्र आहे. त्यावर दिवसभर अनेकांचे हात पडतात. नवे संकेतस्थळ उघडले की ते विचारते, 'तुम्हाला सूचना पाठवू का?' समोर रांग असते, सर्व्हर केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. घाईत कुणी ना कुणी 'हो' वर बोट दाबतो. असे होता होता महिन्याभरात त्या यंत्रावर एवढे हलगीवाले जमा झाले की विचारू नका! 'तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे', 'तुम्हाला बक्षीस लागले आहे', 'आजचा सोन्याचा भाव'. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर बक्षिसाचा चौकोन पाहून मला हळूच विचारले, "बाई, हे माझ्या नावावर आलंय का?" शेवटी मालकांनी वैतागून सगळ्याच सूचना बंद केल्या. खोट्यांबरोबर खऱ्याही गेल्या.

याच सुमारास संगणकशास्त्राच्या वर्गातल्या एका मित्राने एक लहानसा प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. कल्पना माझी, लिहिणे त्याचे. कुठेही भूकंपाची नोंद झाली की यादी तपासायची, आणि जागा आपल्या भागात असेल तर पडद्यावर चौकोन दाखवायचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची अशी यादी सर्वांना खुली आहे, दर मिनिटाला ती ताजी होते. मात्र आपल्याकडचे बारीक धक्के तिच्यात बहुधा येत नाहीत. ते दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीत पाहावे लागतात.

भूकंपच का, हे किल्लारीच्या माणसाला विचारावे लागत नाही. पण हे वार्षिक बाहेरगावीही जाते म्हणून लिहिते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनी आमचे गाव पडले. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली अशी कितीतरी गावे झोपेतच गेली. आमच्या घरातून माझी आत्या गेली. नऊ वर्षांची होती. तिचा एकही फोटो नाही, म्हणून ती कशी दिसे हे आजी जितके सांगते तितकेच मला माहीत.

तोपर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. (२००२ च्या सुधारित नकाशात तो पट्टाच काढून टाकला.) पण नकाशाला ठाऊक नसले तरी जमिनीने आधी सांगितले होते. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीत शंभरावर लहान धक्के बसले. त्यांतला मोठा १८ ऑक्टोबर १९९२ चा. माणसे काही दिवस अंगणात झोपली, मग पुन्हा घरात गेली. रोज कोण अंगणात झोपणार? आजी म्हणते, "वरीसभर हालालतं. मग सवय झाली बग." आता मी जेव्हा तो कोपऱ्यातला चौकोन न वाचता पुसून टाकणारी माणसे पाहते, तेव्हा मला हे 'सवय झाली' ऐकू येते.

तर तो प्रोग्रॅम. एकदा लिहिला की सगळीकडे सारखाच चालेल असा आमचा समज होता. तीन यंत्रांनी आम्हाला तीन प्रकारे वागवले.

आपल्या संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रांवर लिनक्स आहे. तिथे काम एका ओळीत झाले. लिनक्सच्या जगात सूचनेच्या तीन पायऱ्या ठरवलेल्या आहेत : साधी, मध्यम आणि निकडीची. निकडीची सूचना आपोआप जाऊ नये, माणसाने हाताने काढेपर्यंत पडद्यावर राहावी, असा तिथला संकेत आहे. पण निकडीची कोणती, हे प्रोग्रॅमच स्वतःविषयी सांगतो! म्हणजे हलगीवालाच म्हणणार की माझी दवंडी महत्त्वाची, आणि यंत्र त्याच्यावर विश्वास ठेवणार. आम्हाला हे सोयीचे होते, म्हणून आम्ही तक्रार केली नाही.

विंडोजने आधी ओळखपत्र मागितले. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमला एक नोंदवलेली ओळख असावी लागते, ती नसेल तर सूचना दिसतच नाही. कुरकूर नाही, चूक दाखवणे नाही, नुसती शांतता. ओळख दिल्यावर चौकोन आला, पण लगेच निघून जाई. तो टिकवायचा तर त्याला 'स्मरणाचा' दर्जा द्यावा लागतो. दिला, तरी टिकेना. दोन दिवसांनी कळले की अशा चौकोनावर निदान एक बटण हवे, म्हणजे माणसाला उत्तर देता आले पाहिजे; बटण नसेल तर यंत्र तो दर्जा गुपचूप विसरते. मित्र चिडला होता. मला मात्र हा नियम फार शहाणपणाचा वाटला. अडून बसायचे असेल, तर समोरच्याला 'कळले' म्हणायची सोय द्या.

मॅकचे यंत्र आमच्याकडे कुठले! मित्राचा मावसभाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याच्या यंत्रावर फोनवरून सांगत सांगत प्रयोग केला. तिथे प्रोग्रॅम पहिल्यांदा आला की मालकाची परवानगी मागतो. चौकोन क्षणभर दिसावा की काढेपर्यंत राहावा, हेही मालकच आपल्या सेटिंगमध्ये ठरवतो, प्रोग्रॅमला त्यात तोंड घालता येत नाही. आणि शांतता ठेवलेली असतानाही आवाज करून उठवायचा अधिकार हवा असेल, तर थेट अ‍ॅपल कंपनीकडे अर्ज करावा लागतो. पाटलाचा हुकूम तो हाच की! फक्त पाटील कॅलिफोर्नियात बसतो. गंमत म्हणजे २०१२ पर्यंत मॅकला स्वतःची अशी व्यवस्थाच नव्हती. २००४ पासून ग्राउल नावाचा एक बाहेरचा प्रोग्रॅम सगळ्यांच्या वतीने हाका मारीत असे. घरची व्यवस्था आल्यावर त्याचे काम सरत गेले आणि २०२० मध्ये तो बंद करण्यात आला.

इथवर आल्यावर एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा चौकोन कुणाचाही जीव वाचवणार नाही. यादीत नोंद येईपर्यंत मिनिटे गेलेली असतात. तोवर जे पडायचे ते पडलेले असते. खरी आगाऊ हाक देणारी व्यवस्था निराळी आहे. सप्टेंबर २०२३ पासून भारतातल्या अँड्रॉइड फोनवर ती मिळते. फोनमध्ये हालचाल ओळखणारा एक भाग असतो. एका ठिकाणचे पुष्कळ फोन एकदम हादरले की दूरच्या फोनांना इशारा जातो, कारण विजेचा संदेश भूकंपाच्या लाटेहून कितीतरी वेगवान आहे. तिथेही दोन पायऱ्या आहेत. सौम्य हादऱ्याचा इशारा फोन गप्प ठेवला असेल तर गप्पच येतो. जोराच्या हादऱ्याचा मात्र गप्प फोनलाही ओरडायला लावतो.

भूगोलाच्या वहीत मी याचा हिशेब केला. जमीन जोरात हलवणारी लाट सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते. किल्लारीखाली भूकंप झाला तर सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या लातूरला ती पोचायला अकरा-बारा सेकंद लागतील. त्यातले काही सेकंद ओळखण्यात जातील. उरलेल्या चार-पाच सेकंदांत लातूरचा माणूस खाटेवरून उठून दारापर्यंत येईल. आणि किल्लारीचा? त्याला सेकंदच नाहीत. ज्यांच्या पायाखालून ते निघते, त्यांच्या फोनांच्या हादरण्यावरून इतरांना हाक जाते. हा हिशेब मी तीनदा मांडून पाहिला. घरी सांगितला नाही.

आजीला फोनच्या हाकेविषयी स्वतःची मते आहेत. २०२३ साली सरकारने देशभर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा अण्णांचा फोन एकाएकी किंचाळू लागला. आजी अंगणात पळाली, वर माझ्या धाकट्या भावाला हाताला धरून ओढत नेले. "काय वरडालंय गं ते?" मी वाचून दाखवले की ही नुसती चाचणी आहे, दुर्लक्ष करा. तिला ते पटले नाही. म्हणाली, "खोटंखोटं वरडलं तर खरं वरडल्यावर कोण उठंल?" मी तिला समजावू पाहिले की एकदा वाजवून पाहिल्याशिवाय वेळेला वाजेल हे कसे कळणार. आम्ही दोघीही आपापल्या जागी बरोबर होतो, आणि भाकरी करपली.

प्रोग्रॅमविषयीचा आमचा मोठा वाद यातूनच सुरू झाला. किती तीव्रतेपासून चौकोन दाखवायचा? मित्र म्हणतो, चारच्या खाली काहीही दाखवू नये. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीकडे पहाटे साडेचारचा धक्का झाला, दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. १० जुलैला पुन्हा साडेचारचा. नांदेड-परभणीपर्यंत माणसे घराबाहेर आली. असे असेल तर हाक मारावी. बारीकसारीक दाखवत बसलो तर दुकानातल्या बक्षिसाच्या चौकोनासारखी आपलीही गत होईल. त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही. पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून कितीतरी लहान धक्के बसले आणि त्यांमागून किल्लारीसारखे काही आले नाही. लहान धक्क्यांवरून मोठा सांगता येत नाही, असे शास्त्रज्ञही म्हणतात.

पण आजीपुढे हे बोलण्याची माझी छाती होत नाही. तिचे म्हणणे एवढेच की मोठा येणार की नाही हे सांगू नका, पण हलले तर हलले म्हणून सांगा. त्या साली गाव वर्षभर हलत होते आणि रोजचा हिशेब तिला कुणी वाचून दाखवला नाही. आपण ऐकून घरात झोपलो असतो तर गोष्ट वेगळी, असे ती म्हणते.

सध्या तडजोड अशी आहे. चारच्या वरचे ते निकडीचे. तिन्ही यंत्रांवर काढेपर्यंत राहते. त्याखालचे आवाज न करता यादीत जमा होतात. आणि किल्लारीपासून पन्नास किलोमीटरच्या आत काहीही असेल, अगदी दीड-दोनचे असले तरी, चौकोन दिसतोच. ही शेवटची ओळ मी हट्टाने घालायला लावली. दुकानाच्या मालकांनीही बाकी सगळे हलगीवाले हाकलून एवढ्या एकाला परवानगी दिली आहे. त्यांचे जुने घर आमच्याच गल्लीत होते. रात्री जेवणे झाली की मी फोनवरची यादी उघडते आणि आजीला वाचून दाखवते. बहुतेक दिवशी आपल्या भागातले काहीच नसते. "न्हाई म्हन की मग," ती म्हणते, आणि आपली बाज अंगणात ओढते.

मित्र म्हणतो, कंटाळून एक दिवस तूच ती ओळ काढून टाकशील. अजून काढलेली नाही.