हेडफोन : मिरवायचा की ऐकायचा?

हल्ली गळ्यात हेडफोन नसेल तर माणूस अपूर्णच वाटतो! मलाही हवा होता, पूर्ण कान झाकणारा, स्वस्त आणि दिसायला भारी.

बहुतेक खोक्यांवर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ छापलेलं असतं. ती तर माणसाच्या कानाचीच मर्यादा. त्यावरून दर्जा काय कळणार? म्हणून परभणीच्या दुकानात ‘सैराट’ (२०१६) मधलं ‘याड लागलं’ लावून पाहिलं. या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. चकचकीत लाल हेडफोनमध्ये नुसता बेसचा दणदणाट, व्हायोलिन गायब! साध्या काळ्यात मात्र एकेक वाद्य वेगळं ऐकू आलं.

खरी परीक्षा सेलू-परभणी रेल्वेत. बाहेरचा खडखडाट आत शिरला की आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं ठीक, ९० ला फक्त ४ तास. कारण १० डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट! कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

रेक्झिनची गादी गोंगाट अडवते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात कान अक्षरशः उकडतात. कापडी गादी हवेशीर, मात्र गोंगाट आत सोडते. म्हणून गाद्या बदलता येतील असा काळाच घेतला. प्रवासाला रेक्झिन, खोलीवर कापड.

लाल रंग राहून गेला खरा. पण गाद्या बदलता येतात, कान नाही!