लाल ठिपका

आमची रोह्याची लेक बाळंतपणाला पेणला आली, तेव्हा सौ.ने जुन्या लुगड्यांची दोन डझन दुपटी शिवून ठेवली होती. लेकीने मात्र बॅगेतून डायपरचे पुडके काढले!

दुपटे धुवावे, वाळवावे, शेवटी त्याचे पोतेरे व्हावे. डायपर एकदाच भिजायचे आणि त्यातले प्लॅस्टिक मात्र आपल्यामागे उरायचे. जपानात युनिचार्म कंपनीने वापरलेल्या डायपरमधला लगदा ओझोनने निर्जंतुक करून पुन्हा डायपर केले. आपल्याकडे तो दिवस येईल तेव्हा येवो. तोवर हा कचरा कुणाच्या तरी हाताला लागतो.

ते मला एका सकाळी कळले. घंटागाडीवरच्या बाईंनी आमची पिशवी उघडली आणि तोंड फिरवले. त्या काही बोलल्या नाहीत, हेच मला लागले.

पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांनी २०१७ साली एवढेच मागितले होते : असला कचरा कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. उघडण्याआधीच कळेल.

आता ते काम माझे. लेक हसते, “बाबा, कचऱ्याला कसलं कुंकू लावताय?”

“कचऱ्याला नव्हे ग,” मी म्हणतो, “त्या बाईंच्या हातांसाठी आहे ते.”