बोलायचं ते दारात

हळदीच्या हंगामात सांगलीच्या यार्डातून सुटलेला ड्रायव्हर आमच्या गल्लीत शिरला की कॉलरवरूनच कळायचा. घडीत पिवळं बसलेलं असायचं, आणि चादरीला लागलं की दोन धुण्यांनीही जायचं नाही. असाच एक जण वीसेक वर्षांपूर्वी सकाळी सकाळी आला. ठरलेले पैसे दिले, आत आला आणि कडी लावल्यावर म्हणाला, "निरोध नको. वर दोनशे देतो."

हातात नोट नव्हती, नुसता तोंडात आकडा. मी त्याचे पैसे काढून पुढे केले. आता पंचाईत अशी, की ती दिवसाची भवानी होती आणि भवानीचा पैसा परत करायचा नाही हे घरवालीनं, म्हणजे घर चालवणाऱ्या बाईनं, पहिल्याच आठवड्यात कानात घातलेलं. तरी दिला. तो पायरीवर जरा घुटमळला, शिवी घालून गेला. घरवाली दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

निरोधाशिवाय बसायला माझ्याकडे भाव नाही. मोबाइलवर फोटो काढायलाही नाही. आत येणाऱ्याचा फोन फळीवरच्या बिस्किटाच्या डब्यात जातो, झाकण लागतं, मग पुढचं. बाकी जादाचं मी ऐकून घेते. कुणाला अर्धा तास जास्त हवा असतो, कुणाला पूर्ण रात्र, कुणाला नुसतं बोलायचं असतं. बोलणाऱ्याचेही पैसे घ्यावेत, वेळ तोच जातो.

खरा धोका मागणीत नसतो, ती कुठं केली यात असतो. हे कळायला मला फार वर्षं लागली. घरात अधिया चालायचा: दारात ठरलेल्या पैशातला अर्धा घरवालीचा. मग पोरी काय करायच्या, जादाचं बोलणं आत, कुजबुजत. ते तिला कळू नये, सगळं आपल्याच पदरात पडावं. मीही केलंय. पण जे तिच्या कानावर गेलं नाही त्याला साक्षही नाही. गिऱ्हाईक उठून चप्पल घालताना "कसले जादा?" म्हणालं, तर ओरडणार कुणाच्या नावानं? ओरडलीस तर चोरी आधी तुझीच उघडी. अर्धा वाचवायला गेले आणि सगळा घालवला, असं माझं कितीदा झालं ते मोजलेलं नाही.

घरात साक्ष नाही, तशी बाहेरही नाही. आमची संघटना आहे, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, 1996 पासूनची. तिच्या बैठकांना जायला लागल्यावर कायदा थोडा कानावरून गेला. 1872 चा करार कायदा, त्याचं कलम 23: अनैतिक ठरलेल्या कामाचा करार कोर्टात उभा राहत नाही. म्हणजे किराणावाला उधारीसाठी दावा लावेल, मी लावू शकत नाही. मारहाण, जबरदस्ती झाली तर तक्रार करायचा हक्क मात्र पुरा आहे. पैसे बुडाले तर बुडाले. म्हणून आधी घ्यायचे. "नंतर बघू" हा आमच्यात उधारीचा शब्द नाही, बुडीताचा आहे.

आता नोटांच्या जागी फोन आला. पोरं पैसे पाठवल्याचा हिरवा टिळा दाखवतात. तो चित्रातलाही असतो. मी माझ्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत कडी लावत नाही. "पैसे येण्यासाठी तुझा पिन टाक" म्हणणारा पैसे द्यायला आलेला नसतो, न्यायला आलेला असतो. पिन पैसे जाताना लागतो, येताना नाही. एवढं नवीन पोरींकडून मी पाठ करून घेते.

आणि नकार. तो चिडून देऊ नये. चिडलं की समोरच्याला वाटतं घासाघीस चालू आहे, मग तो आकडा वाढवतो. मी एकदाच, हळू आवाजात सांगते: "ते होत नाही. बसायचं तर बसा, नाहीतर हे तुमचे पैसे." पैसे खरोखर हातात धरलेले असावेत. नोट परत समोर आली की निम्मे पुरुष ओशाळतात आणि गुपचूप बसतात. उरलेल्यांतले बरेच जातात. राहिले एखाद-दोन, त्यांच्यासाठी शेजारणीच्या खोलीच्या पत्र्यावर मुठीनं दोनदा वाजवायचं ठरलेलं आहे.

पूर्वी धाडीत पोलीस निरोधाची पाकिटंच पुरावा म्हणून गोळा करायचे. बाई निरोध उशाशी ठेवायलाही भ्यायची, आणि तेवढ्यावर गिऱ्हाइकाचं फावायचं. 19 मे 2022 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही. त्या आदेशाची झेरॉक्स बिस्किटाच्या डब्याखाली घडी करून ठेवली आहे.

वाचणाऱ्यांत कुणी आमच्या गल्लीत येणारे असतील, तर जादाचं काही मनात असेल ते दारातच, मोठ्यानं बोला. आणि येताना सुट्टे आणा.